आक्कांच्या शेणी

[पहाट. गवळ्याच्या गोठ्यामागची भिंत. शेण थापणारे हात.]

शेणी, म्हणजे गोवरी, सगळीकडं सारख्या जाडीची हवी. मधे जाड राहिली की वरनं वाळते आणि आत ओली राहते. हे हात आक्कांचे आहेत. वय सत्तरीला टेकलंय. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अलीकडं, या भिंतीला त्या रोज सकाळी तासभर शेणी लावतात. चहा त्यानंतर.

[पंचगंगा स्मशानभूमी. शेणींची थप्पी, चिता रचणारे कर्मचारी.]

कोल्हापुरात माणूस गेला की अंत्यसंस्काराचे पैसे पडत नाहीत. महापालिका ते मोफत करते. चितेला शेणी वापरतात, आणि त्यातल्या कितीतरी लोकांनीच दिलेल्या असतात. कोल्हापूरकरांच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं कुणाला विशेष वाटत नाही. आम्हाला वाटतं. रोजंदारीवरच्या घरात मयत झालं की दुःखाच्या आधी पैशाची जुळवाजुळव सुरू होते. या शहरात निदान त्या एका दिवशी कुणापुढं हात पसरावा लागत नाही.

पण शेणी आभाळातनं पडत नाहीत. त्या मागाव्या लागतात, वाळवाव्या लागतात, पावसापासून राखाव्या लागतात. आक्कांचं निम्मं आयुष्य यात गेलं.

[प्रयाग चिखली. नदीचा संगम, उसाचे फड.]

आक्कांचं माहेर चिखलीचं. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारीचं पाणी इथं एक होतं, आणि लोक पाचवी गुप्त सरस्वती धरून नदीला पंचगंगा म्हणतात. घरात म्हशी होत्या, परड्यात हुडवा, म्हणजे वाळल्या शेणींचा रचलेला ढीग. हुडवा रचणं हे बायकांचं काम, आणि ते सोपं नाही. शेणी गोलाकार, एकमेकींवर कललेल्या लावत वर जायचं. थर चढेल तसा घेर कमी करत न्यायचा, शेवटी टोक बांधायचं. मग बाहेरनं शेणानं लिंपून घ्यायचं. लिंपण नीट बसलं तर पावसाळाभर आतली शेणी खडखडीत राहते. आक्का हे आईच्या हाताखाली शिकल्या. या वयातही त्यांचा हुडवा बघा, कुठं फट सापडणार नाही.

ज्या वर्षी वडील गेले, त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती आणि लिंपण राहून गेलं होतं. श्रावणातली झड लागलेली. घरच्याच शेणी चितेला गेल्या. त्या पेटल्या नाहीत, नुसत्या धुमसत राहिल्या. पुढचं आक्काच सांगतील.

[आक्का बोलतात. निवेदन नाही.]

लग्न होऊन त्या पेठेत आल्या. मालक उद्यमनगरातल्या फाउंड्रीत कामाला. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आलेला, दोन मुली, एक मुलगा. समाजकार्य करणाऱ्या बाईनं घर सोडलं, संसार मागं टाकला, असं आपण कौतुकानं ऐकतो. आक्कांनी घर सोडलं नाही. सासूबाईंचं न्हाणं-धुणं उरकायचं, मालकांचा डबा भरायचा, आणि मग पदर खोचून गल्लीत निघायचं. सासूबाई खाटेवरनं सांगायच्या, अमक्याच्या गोठ्यात जा, त्याच्याकडं शेण पडून आहे. त्याही या कामात होत्या, जागेवरनं का असेना.

[होळीच्या आधीची लगबग. पोरं, पोती, टेम्पो.]

होळी जवळ आली की कोल्हापुरात शेणी दान करायचं आवाहन होतं. होळी लहान करा, पोळी आणि शेणी दान करा. तालमी, तरुण मंडळं, संस्था यात उतरतात. आक्का त्याच्या आधी पंधरा दिवस घरोघर जातात. त्यांचं म्हणणं सरळ आहे.

[आक्का, एका उंबऱ्यावर.]

"होळीला पाच शेणी लावा की. बाकीच्या मला द्या. तुमच्या-माझ्याच कामाला येणार हाईत."

होळी फाल्गुनात, मृगाला अजून तीन महिने. ऊन कडक असतं. जमलेली शेणी याच दिवसांत उलटून-पालटून वाळवायची, कारण एकदा पाऊस लागला की कोल्हापुरात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. आक्कांची सून वही ठेवते, कुठल्या गल्लीतनं किती पोती आली. जावयाचा छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, आहे, तो या महिन्यात भाडी कमी घेतो. नातू आणि त्याच्या तालमीतली पोरं पोती उचलतात. फुटबॉलच्या मैदानावर एकमेकांना भिडणाऱ्या तालमींची पोरं इथं एकाच टेम्पोत बसतात, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं.

[घराची भिंत. पुराच्या पाण्याची रेघ.]

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 फुटांवर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत 56 च्या वर. ही रेघ तेव्हाची. अशा पुरात पंचगंगा स्मशानभूमीच पाण्याखाली जाते, आणि मयत कसबा बावडा, कदमवाडी नाहीतर बापट कॅम्पला न्यावं लागतं. म्हणून आक्का सगळा साठा एका ठिकाणी ठेवू देत नाहीत, थोडा उंचावरच्या ओळखीच्या गोठ्यांत हलवून ठेवतात. स्वतःचं घर बुडालं तेव्हा त्या दसरा चौकात होत्या. पुरातनं सुतारवाड्यातली कुटुंबं तिथल्या चित्रदुर्ग मठात आणलेली, तिथं भाकरी थापत होत्या.

या सगळ्यात थोरल्या मुलीचं कॉलेज सुटलं, मालकांच्या फंडातले पैसे गेले, आक्कांचे गुडघेही गेले.

[स्मशानभूमी. रक्षाविसर्जनाचा दिवस.]

ज्याच्या मागं कुणी नाही, त्याचं मडकं धरायला आक्का उभ्या राहतात. बाईनं स्मशानात जायचं नसतं, असं त्यांना सांगणारे पुष्कळ भेटले. त्या थांबल्या नाहीत. रक्षाविसर्जनाला त्या घरच्यांना सांगतात, रक्षा नदीत सोडू नका, शेतात घाला, झाडाच्या बुडात घाला. आणि नवरा गेलेल्या बाईजवळ त्या स्वतः जाऊन बसतात. बांगड्यांना कुणी हात घातला की पहिला आवाज आक्कांचा. याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. ज्या शाहू महाराजांनी 1917 साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला, त्यांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्या ठरावाचं कात्रण आक्का पिशवीत घेऊन फिरतात आणि वाद झाला की काढून दाखवतात.

[टेम्पोतनं पोती उतरतात. आक्का शेणी तपासतात.]

शेणी मोडली की कट्ट आवाज यायला हवा. दबली, वाकली तर ती ओली. आक्का प्रत्येक पोत्यातली एक मोडून बघतात, आणि ओलं पोतं परत पाठवताना समोरचा नगरसेवक आहे का हमाल, हे बघत नाहीत.

"उन्हात टाका. परवा परत आणा, मी हाय हितंच."

यंदाची होळी चार दिवसांवर आलीय. शुक्रवार पेठ, गंगावेस, उत्तरेश्वर या भागात आक्कांचा टेम्पो रोज संध्याकाळी फिरतो, रंगपंचमीपर्यंत फिरत राहील. तुमच्या गल्लीच्या होळीतनं काढलेल्या शेणी त्यात द्या. तिकडं जमत नसेल तर जवळच्या तालमीत द्या. फक्त वाळलेल्या द्या.