सिडनी २००८ : निकालाआधीचे २५ दिवस

(दृश्य: सिडनी क्रिकेट मैदान, ४ जानेवारी २००८)

भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा तिसरा दिवस. सचिन तेंडुलकर आणि हरभजन सिंग यांची आठव्या गड्याची भागीदारी ऑस्ट्रेलियाला फुटत नाहीये. धाव घेऊन परतताना हरभजन ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज ब्रेट लीला मागून बॅटने हलकेच टपली मारतो. अँड्र्यू सायमंड्सला ते खटकतं आणि दोघांची जुंपते. हरभजन आपल्याला ‘माकड’ म्हणाला, म्हणजे वंशावरून हिणवलं, अशी सायमंड्सची तक्रार. कर्णधार रिकी पाँटिंग तिथेच पंचांच्या कानावर घालतो.

हाताशी पुरावा काय होता? स्टीव्ह बकनर आणि मार्क बेन्सन या दोन्ही पंचांनी तो शब्द ऐकला नव्हता. ध्वनिमुद्रणातही तो मिळाला नाही. उरल्या खेळाडूंच्या साक्षी, दोन्ही बाजूंनी परस्परविरोधी. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी सामना संपल्यावर सुनावणी घेतली आणि मध्यरात्र उलटल्यावर हरभजनवर ३ कसोटींची बंदी घातली.

(दृश्य: वर्तमानपत्रांचे मथळे, ७ जानेवारी)

इथून बोलण्याला ऊत आला. शरद पवार तेव्हा बीसीसीआयचे अध्यक्ष. मंडळाने पत्रक काढून हा आरोप धादांत खोटा ठरवला आणि प्रत्येक भारतीयाच्या सन्मानाचा विषय केला. वास्तविक अपील दाखल झालं की सुनावणीपर्यंत बंदीला स्थगिती मिळत होती. ‘अपील केलं आहे, पुरावे तिथे मांडू’ एवढ्या दोन वाक्यांनी खेळाडूचं पुरेपूर रक्षण होत होतं. खोटा म्हटल्याने मात्र सायमंड्स खोटारडा ठरला, आणि तसं म्हणायला तेव्हा कोणाकडेच आधार नव्हता.

सुनील गावसकरांनी स्तंभात लिहिलं की ध्वनिमुद्रण नाही, पंचांनी ऐकलं नाही, मग आरोप टिकत नाही. हा मुद्दा वजनदार होता. पण त्याच लेखात, गोऱ्याचा शब्द खरा मानून सावळ्याचा डावलला का, हा प्रश्नही त्यांनी भारतीयांच्या वतीने विचारला. प्रॉक्टर दक्षिण आफ्रिकेचे गोरे. त्यांच्या मनात काय होतं, याचा मात्र काहीच पुरावा नव्हता. आणि गावसकर त्या वेळी आयसीसीच्याच, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्याच, क्रिकेट समितीचे अध्यक्ष होते. अशा पदावरच्या माणसाचं मत वाचक माहिती म्हणून घेतो.

मागची पार्श्वभूमीही विसरता येत नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये वडोदऱ्यात प्रेक्षकांनी सायमंड्सला माकडाचे आवाज काढून डिवचल्याची तक्रार झाली, तेव्हा असं काही घडलंच नाही असा सूर स्थानिक अधिकाऱ्यांनी लावला. काही दिवसांतच वानखेडेवर माकडचेष्टा करणारे प्रेक्षक कॅमेऱ्यात सापडले. आपल्या मुंबईत. त्यामुळे सिडनीत एका बाजूला आरोप पटकन खरा वाटला, दुसऱ्या बाजूला तो नाकारण्याची घाई झाली.

(दृश्य: ॲडलेड, २९ जानेवारी)

अपील न्यूझीलंडचे न्यायाधीश जॉन हॅन्सन यांच्यापुढे चाललं. हरभजनची बाजू नागपूरचे ज्येष्ठ वकील व्ही. आर. मनोहर यांनी मांडली. तेंडुलकर भांडणाच्या जवळ होता. ‘माकड’ हा शब्द आपण ऐकला नाही, पण हरभजनने ‘तेरी माँ की’ अशी हिंदी शिवी दिली, अशी त्याची साक्ष. त्या शिवीच्या उच्चारात ‘न’सारखा सूर येतो, म्हणजे ती इंग्रजी कानाला ‘मंकी’ वाटू शकते, ही शक्यता न्यायाधीशांनी नोंदवली.

निकाल असा: आयसीसीच्या आचारसंहितेतलं वांशिक अवमानाचं कलम ३.३ सिद्ध झालं नाही. शिवीगाळीचं कलम २.८ लागलं, सामन्याच्या मानधनातून ५० टक्के दंड. ‘सिद्ध झालं नाही’ याचा अर्थ ऑस्ट्रेलियाचे खेळाडू खोटं बोलले, असा होत नाही. त्यांनी जे ऐकलं असं वाटलं ते प्रामाणिकपणे सांगितलं असू शकतं. जानेवारीभर दोन्ही देशांत बोललेल्या कोणाच्याच तोंडी ही शक्यता फारशी आली नव्हती.

आणि न्यायाधीशांपुढेही सगळं आलं नव्हतं. हरभजनच्या आधीच्या शिक्षांची पूर्ण नोंद आयसीसीने त्यांना दिली नाही. ती मिळाली असती तर जास्त कडक शिक्षेचा विचार केला असता, असं हॅन्सन यांनी निकालानंतर सांगितलं.