फॉरमॅट मारण्याआधी

(वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजच्या विषयाला निमित्त मिळालं ते १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेचं. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी हवा. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेला, अजून धडधाकट असलेला लॅपटॉप दारातच अडतो. मग घरोघरी एकच बेत ठरतो, ‘फॉरमॅट मारू आणि नवीन काहीतरी टाकू.’ कुणाला तो स्वतः वापरायचाय, कुणाला भाच्याला द्यायचाय, कुणाला विकून मोकळं व्हायचंय.

या कामात माणसं दोन्ही बाजूंनी फसतात. जे गेलं असं वाटतं ते जात नाही, आणि जे राहील असं वाटतं ते राहत नाही.

आधी न जाणाऱ्याचं बघू. आपण वाचनालयातच बसलोय, तर इथलंच उदाहरण घेतो. तालिकेच्या खणातून एका पुस्तकाचं कार्ड काढून फाडलं, तर पुस्तक मांडणीवरून जातं का? नाही. फक्त शोधणाऱ्याला ते सापडत नाही. फाइल डिलीट करणं म्हणजे एवढंच. रीसायकल बिन रिकामी केली तरी एवढंच. क्विक फॉरमॅटमध्ये सगळी तालिका नवी होते, पुस्तकं जागच्या जागी. इतकंच काय, नवीन ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तरी ती ५०० जीबीच्या डिस्कवरची वीस-तीस जीबी जागा व्यापते. उरलेल्या जागेत तुमचं पॅनकार्डाचं स्कॅन, मुलीच्या लग्नाचे फोटो, बँकेची स्टेटमेंटं तशीच पडून असतात. फुकट मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने ती बाहेर निघू शकतात.

हे नुसतं भीती घालणं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी, सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी, वापरलेल्या १५८ डिस्क बाजारातून विकत घेतल्या आणि २००३ साली निष्कर्ष छापले. वाचता आल्या १२९. त्यांतल्या नीट पुसलेल्या किती? फक्त १२. एक डिस्क तर इलिनॉय राज्यातल्या एटीएमची दिसत होती, खातेक्रमांकांसकट.

आता दुसरं टोक. खरं पुसणं म्हणजे जुन्या मजकुरावर शून्यं किंवा दुसरं काहीतरी लिहून तो झाकून टाकणं. पीटर गुटमन या संशोधकाने १९९६ साली एक निबंध लिहिला आणि त्यातून ‘३५ वेळा पुसा’ हा मंत्र जगभर पसरला. खरं तर त्या ३५ फेऱ्या वेगवेगळ्या जुन्या पद्धतींच्या डिस्कसाठी मिळून होत्या, एकाच डिस्कवर सगळ्या करायच्याच नव्हत्या. पुढे खुद्द गुटमननेच लोक त्याचा जादूटोणा करताहेत म्हणून कानउघाडणी केली. पण अजून सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय दिसतो आणि आपली माणसं तोच निवडतात. लॅपटॉपची ५०० जीबीची फिरती डिस्क एकदा पूर्ण शून्यांनी भरायला दीड-दोन तास लागतात. पस्तीस वेळा म्हणजे अडीच दिवस पंखा घरघरणार, आणि मिळणार काय? काही नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसारही फिरत्या डिस्कला एक फेरी सहसा पुरते.

ही एक फेरी कशी करायची? विंडोज १०च्या रीसेटमध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडल्यावर सेटिंग्ज बदलायची एक बारीक ओळ दिसते. त्यात ‘क्लीन डेटा’ चालू करा. तिथे बहुतेक कुणी बोटच लावत नाही. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपवाली डिस्क असेल तर मात्र हिशेब वेगळा. एसएसडी आपण लिहिलेलं कुठे ठेवायचं ते स्वतः ठरवते आणि काही जागा आपल्याला दाखवतच नाही. त्यामुळे वरून शून्यं भरून खात्री होत नाही. तिला ‘सिक्युअर इरेज’चा आदेश द्यावा लागतो, तो बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधून किंवा काही मशिन्सच्या बायोसमधून, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमधून.

आता न राहणाऱ्याचं. आपल्याकडे दुकानदार डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून देतो. ‘डीवर ठेवलंय, काही होत नाही’ हे मी रोज ऐकतो. अहो, डेस्कटॉप सीवर असतो! डाउनलोड्स सीवर, माय डॉक्युमेंट्स सीवर. आणि विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना ‘इरेज डिस्क’ निवडलंत की सी काय नि डी काय, दोन्ही एकदम जातात. टॅलीवाल्यांनी डेटाचा फोल्डर कुठे आहे ते टॅली उघडून आतून बघावं, अंदाजाने नको.

पण मराठी माणसाचं खास नुकसान होतं ते फॉन्टमुळे, आणि त्याबद्दल कुणी सावध करत नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच चालणारी अक्षरं साठवायची पद्धत, घरोघरी रुळण्याआधी आपण वर्षानुवर्षं श्री-लिपी, कृतिदेव आणि सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमधल्या सुरेख, योगेश अशा फॉन्टमध्ये लिहिलं. संस्थेची इतिवृत्तं, वकिलांचे दस्त, दिवाळी अंकांची पानं, कुणाच्या वडिलांचं आत्मचरित्र. त्या फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलं नसतंच. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मराठी दिसतं ते फक्त फॉन्टच्या जोरावर. विंडोज पुसलं की फॉन्ट गेला. फाइल पेनड्राइव्हवर सुखरूप आहे, उघडतेही, पण समोर येतात टोपीवाली, दोन टिंबांची परदेशी अक्षरं. लोक म्हणतात, फाइल करप्ट झाली. फाइलला काही झालेलं नसतं.

म्हणून पुसण्याआधी विंडोजमधला फॉन्ट्स हा फोल्डर अख्खा कॉपी करा, कुठला हवा ते निवडत बसू नका. महत्त्वाच्या फाइलींच्या पीडीएफ त्याच जुन्या मशीनवर करा, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा सोबतच जातो. मजकूर पुढे सुधारायचा असेल तर फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार तेवढे डोळ्यांखालून घाला, तिथे कन्व्हर्टर हमखास अडखळतो. कॉपी झाल्यावर ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नुसती फोल्डरची साइज जुळली म्हणून खूश होऊ नका.

प्रत्यक्ष टाकण्याचं काम त्या मानाने सरळ आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रूफस हे सॉफ्टवेअर वापरून नवीन सिस्टिम टाकायचा पेनड्राइव्ह तयार करा. आठ जीबीचा चालेल, त्यातलं जुनं सगळं जाईल. मशीन चालू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी असेल ती की दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा. लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकार घेतलात तर तो डिस्कला हात न लावता आधी चालवून बघता येतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे तिथेच कळतं. विंडोज १०च पुन्हा टाकत असाल आणि आधीचं अस्सल असेल, तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की (परवान्याचा क्रमांक) नाही’ असा पर्याय निवडून पुढे जा. परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, इंटरनेट मिळालं की लागतो. मात्र आधी विंडोजची होम आवृत्ती असेल तर होमच टाका. आणि देखभाल थांबलेल्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार करू नका, हे माझं स्पष्ट मत.

एका पडद्यावर मात्र थांबा. डिस्क निवडायची यादी येते, त्यात डिस्क ०, डिस्क १ अशी नावं असतात, तुमच्या घरातली नावं नसतात. बॅकअपची डिस्क तेव्हा जोडलेलीच असली, तर पुसली जाणारी तीच असू शकते. ती आधी उपसून कपाटात ठेवा.

मघाशी चिठ्ठी आली होती, की डिस्क चालूच होत नसेल तर काय करायचं. चालत नाही ती पुसताही येत नाही. पण दुरुस्त करणाऱ्याला ती वाचता येऊ शकते, म्हणून भंगारात अशीच टाकू नका. फोडायची असेल तर जाड गोणपाटात गुंडाळा आणि डोळ्यांना चष्मा लावा. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बऱ्याचदा काचेची असते, हातोडा बसला की तिचे बारीक तुकडे उडतात.