उंची नंतर बघू

(उन्हाळी शिबिराच्या समारोपाला पालक आणि क्रीडाशिक्षकांसमोर केलेले भाषण, थोडे संपादित करून)

शिबिराच्या पहिल्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलाशी बसलं की एक वाक्य दरवर्षी कानावर पडतं. "सर, याची उंचीच वाढत नाहीये, म्हणून म्हटलं बास्केटबॉलला घालू." तीस वर्षं ऐकतोय. आधी मी समजावून सांगायचो, आता नुसती पावती फाडतो. पण आज माईक हातात आहे, तेव्हा सांगूनच टाकतो. बास्केटबॉल खेळून उंची वाढत नाही. उंच मुलं या खेळात निवडली जातात, म्हणून टीव्हीवर सगळे उंच दिसतात. उंची आई-वडिलांकडून येते, आणि आलेली उंची पूर्ण मिळावी म्हणून पोटभर जेवण आणि भरपूर झोप लागते. रिंगला लोंबकळून हात दुखतात, बाकी काही होत नाही.

माझी तक्रार मात्र पालकांबद्दल नाही. उंचीचं वेड पालकांपेक्षा आम्हा प्रशिक्षकांना जास्त आहे, आणि त्यातला पहिला गुन्हेगार मी स्वतः.

गोष्ट जुनी आहे. आमच्या संघात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता, उंची पाच फूट अकरा इंच. बाकीची पोरं त्याच्या खांद्याला लागायची. मी त्याला रिंगखाली उभा केला, पुढे दोन आणि मागे तीन असा झोन लावला, म्हणजे समोरचा एकेक खेळाडू धरण्याऐवजी प्रत्येकाने आपापली जागा राखायची, आणि चौदा वर्षांखालच्या स्पर्धा सलग दोन वर्षं जिंकलो. मिरवणूक निघाली, गुलाल उडाला, पेपरात फोटो आला. त्या दोन वर्षांत त्या मुलाने ड्रिबल किती केला असेल, म्हणजे बॉल आपटत किती पुढे नेला असेल? त्याने बॉल जमिनीवर टेकवला की मीच बाहेरून ओरडायचो, "ठेवू नको खाली, वर धर!" तो सोळा वर्षांचा झाला तोवर बाकीच्यांची उंची त्याच्या बरोबरीला आली होती, आणि त्याची पाच अकरावर थांबली होती. सतरा वर्षांखालच्या गटात पाच अकराचा मुलगा म्हणजे गार्ड. गार्डला बॉल पुढे आणता यायला हवा, डावा हात चालायला हवा, मान वर ठेवून पास दिसायला हवा. यातलं मी त्याला काहीच शिकवलं नव्हतं. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. कुणाशी भांडला नाही, काही बोललाही नाही. त्याचा कप अजून शाळेच्या कपाटात आहे.

आता झोनबद्दल, कारण इथे बरेच पीटीचे सर बसलेत आणि मनातल्या मनात म्हणत असतील की झोनमध्ये वाईट ते काय. मोठ्यांच्या खेळात काहीच नाही. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात लांबून शॉट मारायची ताकद नसते आणि कोर्टच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पासही पोचत नाही. पाच पोरं रिंगखाली गोळा करून हात वर करायला सांगितले की समोरच्या संघाकडे उत्तरच उरत नाही. म्हणजे झोन तिथे जिंकतो तो समोरची मुलं लहान आहेत म्हणून. आणि झोन खेळणारी मुलं आपल्या माणसामागे पाय हलवणं, नजर ठेवणं, कधी सोडायचं आणि मदतीला कधी जायचं हे शिकतच नाहीत. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, आणि अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेने २०१६ पासून लहान मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लहान वयोगटात झोन खेळवू नका असं आहेच, शिवाय चौदाव्या वर्षापर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नका असंही म्हटलंय. ज्यांनी या खेळाचा धंदा केला ते म्हणतात थांबा, आणि आपण चौथीतल्या मुलाला खो-खोतून काढून बारा महिने बास्केटबॉलला लावतो.

एनबीए गाजवलेला टिम डंकन चौदाव्या वर्षापर्यंत जलतरणपटू होता. १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने त्याच्या बेटावरचा तलाव मोडला, तेव्हा तो इकडे वळला. हकीम ओलाजुवान, तोही एनबीएतलाच, पंधरा वर्षांचा होईपर्यंत नायजेरियात हँडबॉल खेळायचा आणि फुटबॉलमध्ये गोल राखायचा; पुढे रिंगखाली त्याचे पाय ज्या नजाकतीने चालायचे ते त्या गोलसमोर तयार झाले असं मला वाटतं. आपल्याकडे तर खो-खो आहे. खो-खोत हूल द्यायला शिकलेलं पोर माझ्याकडे आलं की मी मनात म्हणतो, अर्धं काम झालं. कंबर खाली, वजन पंजावर, एका पावलात दिशा बदलणं. बास्केटबॉलचा डिफेन्स आणखी काय असतो?

आणि उलटं उदाहरण एनबीएतल्या अँथनी डेव्हिसचं. शाळेत तो सहा फूट दोन इंचांचा गार्ड होता. साधारण दीड वर्षात तो आठ इंचांनी वाढला. गार्ड म्हणून शिकलेलं बॉल हाताळणं त्याच्या हातात तसंच राहिलं आणि तो सहा दहाचा झाला. माझ्या त्या मुलाला मी उलट्या रस्त्याने नेलं. लहानपणी कोणाची उंची किती होणार हे तुम्हालाही कळत नाही, मलाही नाही. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढतात, मुलं चौदाव्याच्या, आणि त्यातही कोणी दोन वर्षं आधी, कोणी दोन वर्षं उशिरा. म्हणून बारा वर्षांखाली माझ्याकडे आता जागा वाटलेल्या नाहीत. सगळे बॉल आणतात, सगळे रिंगखाली खेळतात, सगळे डाव्या हाताने ले-अप, म्हणजे धावत रिंगजवळ जाऊन शॉट, मारतात आणि सगळे चुकतात.

आता रिंगकडे या. रिंग दहा फुटांवर असते, म्हणजे ३.०५ मीटर. ती उंची शास्त्राने ठरवलेली नाही. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला हा खेळ शोधणाऱ्या जेम्स नायस्मिथने व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या, आणि तो सज्जा दहा फुटांवर होता. इतकंच. त्याचे विद्यार्थी बाप्ये होते. आता साडेचार फुटांच्या मुलीला आपण त्याच रिंगखाली उभी करतो. हिशेब करा. तिच्या उंचीला दहा फूट, तर साडेपाच फुटांच्या तिच्या बाबांसाठी रिंग बारा फुटांच्या वर जाईल. सात नंबरचा बॉल सुमारे सहाशे ग्रॅमचा असतो. तीस किलोच्या मुलीला तो जसा, तसा सत्तर किलोच्या बाबांना जवळजवळ दीड किलोचा. मग ती मुलगी काय करते? बॉल कमरेपाशी नेते, गुडघ्यात वाकते आणि दोन्ही हातांनी खालून वर ढकलते. जातो कधीकधी, टाळ्याही पडतात, आणि ती सवय हाडात बसते. एनबीएचा खेळाडू स्टीफन करी घ्या. त्याचे वडील स्वतः एनबीएमधले नेमबाज. शाळकरी स्टीफन कमरेपासून शॉट मारायचा, तो बदलायला त्याची उन्हाळ्याची अख्खी सुट्टी गेली आणि त्या दिवसांत त्याला जवळून टाकलेला बॉलही नीट जात नव्हता. घरात तसा बाप असूनही ही कथा. तुमच्या-माझ्या घरी कोण बसलंय?

म्हणून बारा वर्षांखाली पाच नंबरचा बॉल आणि २.६० मीटरवर रिंग. मिनी बास्केटबॉलचा हा जगभरचा प्रघात आहे. रिंग खाली आणायला पैसे लागतात असं कोणी म्हणालं तर त्याला आमच्या मैदानावर घेऊन या. आम्ही फळीच्या खाली दुसरी रिंग वेल्डिंग करून घेतली आहे, वेल्डरचा मुलगा शिबिरात होता.

सरावाचा वेळ आपण कसा घालवतो, तेही सांगतो. वीस मुलं, एक रांग, एक बॉल, ले-अप. प्रत्येकाला सहा सेकंद धरा. म्हणजे एका मुलाची पाळी दोन मिनिटांनी येते. अर्ध्या तासात पंधरा ले-अप. बाकीचा वेळ पुढच्याच्या पाठीत गुद्दे घालण्यात जातो, आणि मग आम्ही म्हणतो पोरांना शिस्त नाही. तेवढ्याच वेळात चार-चारच्या पाच टोळ्या केल्या, कोणी भिंतीवर पास, कोणी जागच्या जागी डाव्या हाताने ड्रिबल, कोणी थांबणं आणि पिव्हट, म्हणजे एक पाय रोवून वळणं, तर रांग नावालाही उरत नाही. बॉल कमी असतील तर दोघांत एक. थांबणं आणि पिव्हट याला मी फार मानतो. धावता धावता दोन्ही पायांवर थांबता येईना, म्हणून तर आपल्या निम्म्या मुलांना पंच स्टेप्स देतात, म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकल्याची चूक.

अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन वुडन दरवर्षी पहिल्या दिवशी कॉलेजच्या पोरांना मोजे कसे घालायचे ते शिकवायचे. चुणी राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो. त्या माणसाने बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. १९७४-७५ च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि त्यांनी वुडन काय काय बोलतात ते टिपलं. दोन हजारांवर नोंदी झाल्या. त्यात शाबासकी शंभरात सातच्या आसपास, रागावणं जवळपास तितकंच. तीन चतुर्थांश बोलणं नुसती माहिती होती, म्हणजे काय कर आणि कसं कर. हे वाचल्यावर मी एकदा माझंच बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं. "अरे काय करतोयस?" हे वाक्य एका तासात इतक्या वेळा आलं की पत्नी म्हणाली, बंद करा ते. या वाक्यात मुलाला काय माहिती मिळते?

फिटनेसवर मी थोडक्यात बोलतो, कारण चूक एकच आहे. पोरगं उशिरा आलं की "मार ग्राउंडला पाच राउंड". धावणं म्हणजे शिक्षा, हे आपणच त्याच्या डोक्यात भरतो, आणि वर त्याने धावावं अशी अपेक्षा करतो. शिवाय हा खेळ राउंडचा नाहीच. कोर्ट २८ मीटरचं. चार-पाच पावलं झेप, थांबा, मागे सरका, उडी, पुन्हा झेप. तेच करवून घ्या, आणि पकडापकडी खेळवून घ्या म्हणजे पोरांना कळणारही नाही. बैठका घाला, पण उडीवरून उतरताना गुडघे आत वळत नाहीत ना ते पाहा, मुलींच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून. गुडघ्यातला लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे, आणि हळू, दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायला शिकवलं तर ते कमी करता येतं. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखायला लागलं तर ते नाटक समजू नका. विशेषतः आपल्या सिमेंटच्या कोर्टवर. उड्या कमी करा, डॉक्टरांना दाखवा. प्रोटीनच्या डब्याबद्दल मला विचारू नका, शेंगदाण्याच्या चिक्कीबद्दल विचारा. आणि तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि सकाळी सातची शाळा, त्यात माझा सराव साडेपाचचा. ती वेळ मी बदलली. मलाही बरं झालं.

सांघिक खेळावर भाषण देऊन सांघिक खेळ येत नाही. नायस्मिथच्या मूळ तेरा नियमांत ड्रिबल नव्हताच. बॉल जिथे पकडला तिथूनच टाकायचा, बॉल घेऊन धावायचं नाही. म्हणजे साथीदाराशिवाय एक पाऊलही पुढे जाता येत नव्हतं. आठवड्यातून दोन दिवस आम्ही तसंच खेळतो, अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन, ड्रिबल बंद. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बॉल नसलेलं पोर मोकळ्या जागेत पळायला लागतं, कारण दुसरा इलाजच नसतो. पाच-पाचच्या खेळात एखादा मुलगा कोपऱ्यात लपून अख्खा सामना काढू शकतो. तिघांत लपायला जागा नसते. तीन-तीनचा खेळ टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आलाय, आणि त्यातला मला सर्वांत आवडलेला नियम म्हणजे सामना चालू असताना प्रशिक्षकाला कोर्टवरून शिकवता येत नाही. डिफेन्स शिकवताना मी कबड्डीची साखळी आठवायला सांगतो. कोपरा सरकला की शेजारचा सरकतो, तो सरकला की मधला. आपल्या पोरांना हे रक्तातून येतं, इंग्रजी शब्दांनी ते झाकलं जातं.

मुंबईत नागपाडा म्हणून वस्ती आहे. तिथल्या गल्ल्यांतून भारताचे किती खेळाडू निघाले हे जुन्या माणसांना विचारा. अब्बास मुन्तसिर तिथलेच, भारताचे कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार. मोठी मुलं खेळायची, छोटी कडेला बसायची, एखादा खेळाडू कमी पडला की छोट्याला आत घ्यायची. आत गेलेल्या छोट्याला पास मिळवायचा तर मोकळं व्हायलाच लागायचं, उंचीचा तर प्रश्नच नव्हता. आपल्याकडे आपण वयाप्रमाणे, बॅचप्रमाणे, फीप्रमाणे मुलं वेगळी काढली आणि ही शाळा बंद केली. पुढच्या महिन्यापासून शनिवारी संध्याकाळी सगळे वयोगट एकत्र खेळतील. फी नाही, प्रशिक्षकही नाही, मी चहा पीत लांब बसेन.

आता बक्षीस समारंभाच्या आधी एक छोटा कार्यक्रम आहे. बाहेर कोर्टवर बांबूला बांधून बारा फुटांवर एक रिंग लावली आहे. शेजारी दीड किलोचा मेडिसिन बॉल ठेवलाय. प्रत्येक पालकाने पाच शॉट मारायचे आहेत. मुलं कडेला बसतील. सामन्यात तुम्ही कडेने जे जे ओरडता, ते सगळं त्यांना पाठ आहे, आणि आज ओरडायची परवानगी मी दिलेली आहे. चला, चपला काढून या.