खासदाराचे मत आणि खासदाराचा प्रश्न

२० सप्टेंबर २०२३. संसदेच्या नव्या इमारतीतील कामकाजाचा हा दुसराच दिवस. महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्ती विधेयकावर लोकसभेत मतदान झाले आणि त्यासाठी सदस्यांना कागदी चिठ्ठ्या वाटण्यात आल्या. निकाल लागला ४५४ विरुद्ध २. विरोधातील दोन मतांपैकी एक हैदराबादचे असदुद्दीन ओवेसी यांचे होते आणि दुसरे औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचे. या आरक्षणात इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळा वाटा ठेवलेला नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो पटो वा न पटो, औरंगाबाद मतदारसंघातील मतदाराला आपल्या खासदाराने त्या दिवशी काय केले हे ठामपणे सांगता येते. आपल्या संसदेत इतकी साधी गोष्टही नियम म्हणून नव्हे, तर अपवाद म्हणून घडते.

घटनादुरुस्तीचे विधेयक असले की मते मोजावीच लागतात, कारण अनुच्छेद ३६८ नुसार सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि शिवाय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. साध्या विधेयकाला अशी अट नाही. अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात, बाजूचे सदस्य ‘हो’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात आणि आवाजाच्या अंदाजाने अध्यक्ष कौल जाहीर करतात. या कौलाला एखाद्या सदस्याने हरकत घेतली आणि ती लावून धरली, तर मतविभागणी होते. लॉबी मोकळ्या केल्या जातात, घंटा वाजते, दरवाजे बंद होतात आणि प्रत्येकाचे मत त्याच्या नावापुढे उमटते. मात्र लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये एक तरतूद आहे, जी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. मतविभागणीची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना आपापल्या जागी उभे राहायला सांगून केवळ डोकी मोजू शकतात, आणि अशा वेळी मत देणाऱ्या सदस्यांची नावे नोंदवली जाणार नाहीत, असे नियमातच म्हटले आहे.

२०२० सालच्या कृषी विधेयकांचे उदाहरण घ्यावे. योगायोगाने तारीख तीच, २० सप्टेंबर. राज्यसभेत विरोधी सदस्य मतविभागणी मागत होते. मागणी करणारे आपल्या जागेवर नव्हते, असा दावा उपसभापतींनी नंतर केला, आणि गोंधळातच विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. लोकसभेतही ती आवाजी मतदानानेच संमत झाली होती. पुढे दिल्लीच्या सीमांवर शेतकऱ्यांचे आंदोलन वर्षभर चालले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी हे कायदे मागे घेणारे विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना, पुन्हा आवाजी मतदानाने संमत झाले. कायदे आले तेही आवाजावर आणि गेले तेही आवाजावर. नाशिकच्या किंवा लातूरच्या शेतकऱ्याला आपल्या खासदाराने दोन्ही वेळा काय केले हे जाणून घ्यायचे असेल, तर भाषणे आणि वर्तमानपत्रे चाळता येतील, पण मतांची यादी मिळणार नाही, कारण ती तयारच झालेली नाही.

यादी असली तरी ती जपून वाचावी लागते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली, आणि पक्षादेश म्हणजेच व्हिप मोडून मत देणाऱ्या किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे पद धोक्यात येऊ लागले. पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा केली तरच तो वाचतो. त्यामुळे मतदानाच्या नोंदीत आपल्याला बहुधा प्रतोदाचा आदेश दिसतो, खासदाराचे मन नव्हे. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले, तेव्हा नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेशाविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. तेव्हा ओडिशाचे मुख्यमंत्री असलेले, पण लोकसभेचा राजीनामा न दिलेले गिरिधर गमांग यांनीही त्या दिवशी मतदान केले. एकेका मताची इतकी चर्चा अन्यथा क्वचितच झाली आहे.

मग खासदाराचे स्वतःचे काम कुठे दिसते? तो जे प्रश्न विचारतो, त्यांत बऱ्याच अंशी दिसते, कारण तिथे पक्षादेश चालत नाही. लोकसभेचा सदस्य एका दिवसासाठी पाच प्रश्नांच्या सूचना देऊ शकतो. त्यांतून सोडत काढली जाते आणि वीस प्रश्न तारांकित म्हणून निवडले जातात, ज्यांवर मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते व पुरवणी प्रश्नही घ्यावे लागतात. आणखी २३० पर्यंत प्रश्न अतारांकित यादीत जातात आणि त्यांची उत्तरे लेखी स्वरूपात सभापटलावर ठेवली जातात.

महाराष्ट्र विधानमंडळाच्या छापील याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या प्रश्नांचा साचा पाठ असतो: ‘हे खरे आहे काय?’, ‘असल्यास, चौकशी केली काय?’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरांचा साचाही ठरलेला असतो. ‘हे खरे नाही’ म्हटले की पुढच्या सगळ्या उपभागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच लिहून मोकळे होता येते. ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर मात्र नीट वाचावे, कारण खात्याला जेवढे लपवता आले नाही तेवढे त्या ‘अंशतः’मध्ये आलेले असते.

खासदारांनी दिल्लीत विचारलेल्या प्रश्नांच्या आकड्यांवर निवडणुकीच्या तोंडावर मोठे फलक लागतात. आमच्या मते या आकड्यांना फार भुलू नये. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, तेव्हा त्यांच्या नावापुढे शून्य असते आणि त्या शून्याचा आळसाशी काही संबंध नसतो. उलट एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावे एकत्र छापलेली असतात आणि तो प्रश्न प्रत्येकाच्या खात्यात जमा होतो. प्रश्नाची ताकद संख्येत नाही, हे १९५७ साली दिसले होते. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे का गुंतवले, याचा पाठपुरावा सत्ताधारी बाकावरच्या फिरोज गांधींनी केला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

प्रश्नाला किंमत आहे म्हणूनच त्याचा बाजारही झाला. १९५१ साली हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिचे काम संसदेत पुढे रेटल्याचा ठपका आला आणि हकालपट्टी होण्यापूर्वी त्यांनी राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याबद्दल दोन्ही सभागृहांतून मिळून अकरा सदस्य निष्कासित झाले, त्यांत महाराष्ट्रातले दोघे होते. ८ डिसेंबर २०२३ रोजी तृणमूल काँग्रेसच्या महुआ मोइत्रा यांना लोकसभेतून काढण्यात आले. प्रश्न नोंदवण्याचा आपला लॉगिन दुसऱ्याला दिल्याचे त्यांनी मान्य केले होते, पैसे घेतल्याचा आरोप नाकारला होता. ती हकालपट्टीही आवाजी मतदानाने झाली, म्हणजे एका सदस्याचे पद काढून घेण्याच्या बाजूने कोण होते, याचीसुद्धा नावनिशीवार यादी नाही.

लेखी प्रश्न विचारणाऱ्या खासदाराची परीक्षा खरे तर उत्तर आल्यावर सुरू होते. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे व ती सभापटलावर ठेवण्यात येईल’ असे उत्तर आले, तर नियमाने ते सरकारचे आश्वासन ठरते. ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते आणि लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून त्यावर लक्ष ठेवते. खाते मुदतवाढ मागू शकते. आश्वासन वगळून टाकावे अशी विनंतीही करू शकते. आपल्या खासदाराच्या प्रश्नाला असे उत्तर आले असेल, तर ती माहिती पुढे सभापटलावर आली का आणि न आल्यास त्याने त्याच विषयावर पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न टाकला का, हे संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.