पडकी घरं

(ह्यूस्टनच्या मंडळाच्या गुढीपाडवा मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला ‘मुलं आणि आपला वारसा’ हा विषय दिला होता. भाषण लिहूनही झालं होतं. त्यात गड-किल्ले होते, मराठी शाळा होती, आपलं ढोलपथक होतं. ते मी घरी ठेवून आले आहे. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या घरी जेवताना जे झालं, त्यानंतर ते भाषण मला वाचवेना.

एका शनिवारी आम्ही दोघं घर बघायला गेलो होतो. राहायला नाही, भाड्याने द्यायला. डाउनटाउनला लागून पश्चिमेला, फोर्थ वॉर्ड नावाच्या जुन्या भागात. तीन मजली नवं टाउनहाउस, वर गच्ची. बारा वर्षांची लेक बरोबर होती. एजंट आम्हाला गच्चीवरून डाउनटाउनचे टॉवर दाखवत होता आणि ती कठड्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. खाली एक बुटकं लाकडी घर होतं. पुढे लहानशी पडवी, खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं. तिने एजंटला विचारलं, या जागेवर आधी काय होतं? तो म्हणाला, काही नाही, जुनी पडकी घरं होती.

रात्री जेवताना आम्ही डाउन पेमेंटचा हिशेब करत होतो. मधेच ती म्हणाली, “आई, पडकी म्हणजे आजीच्या चाळीसारखी?”

मी हो म्हणाले असेन, लक्ष हिशेबात होतं. ती उठली, शोकेसमधून कडी घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. गिरगावातली आमची चाळ पाडायच्या आदल्या दिवशी माझ्या आईने दाराची कडी काढून घेतली होती. ती मी इथे आणली आहे. लेक म्हणाली, “चाळ पाडली तेव्हा तू किती दिवस रडत होतीस. मग त्या घरातल्या माणसांनी कुठे रडायचं?”

तिचे बाबा म्हणाले, अगं, आपण नाही घेतलं तर दुसरं कुणीतरी घेईलच. ती ताटावरून उठून गेली. मग आम्हा दोघांत जे झालं ते इथे सांगत नाही. तुमच्याही घरात टेबलं आहेत.

मी या शहरात एकोणीस वर्षं राहते. त्या भागाजवळून जाणाऱ्या ॲलन पार्कवे रस्त्यावरून किती वेळा गेले असेन त्याला गणती नाही. डावीकडे वळून आत काय आहे ते कधी पाहिलं नाही. त्या शनिवारनंतर मी लेकीला घेऊन तिथे चार वेळा गेले. पायी फिरलो. तिथे जे पाहिलं, वाचलं, ऐकलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

फोर्थ वॉर्डातल्या त्या भागाचं नाव फ्रीडमेन्स टाउन, म्हणजे गुलामीतून मुक्त झालेल्यांची वस्ती. १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हेस्टनला जनरल ग्रेंजरने हुकूम काढला, की टेक्सासमधले सगळे गुलाम आता मुक्त आहेत. लिंकनच्या गुलाममुक्तीच्या घोषणेला तेव्हा अडीच वर्षं होऊन गेली होती. मग ब्राझोस नदीकाठच्या ऊस-कापसाच्या मळ्यांवरून माणसं चालत ह्यूस्टनला आली. शुगर लँडहून, रिचमंडहून आपण रोज ज्या दिशेने ऑफिसला येतो, साधारण त्याच दिशेने. बफेलो बायू या संथ ओढ्याच्या दक्षिण काठावरची दलदलीची जागा कुणाला नको होती. तिथे त्यांनी घरं बांधली. १८६६ मध्ये अँटिऑक चर्च सुरू झालं. पुढे त्याचे पाद्री झाले जॅक येट्स. व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेले. रविवारी ते देवाबद्दल बोलत आणि जमीन विकत घ्या म्हणून लोकांच्या मागे लागत. चर्चची विटांची इमारत आजही डाउनटाउनच्या काचेच्या टॉवरांमध्ये उभी आहे. तुमच्यापैकी काहींच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसत असेल.

आणि रस्ते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराने बाकीचे रस्ते बांधले, पण इथे चिखलच ठेवला. तिथल्या जुन्या घरांतले लोक सांगतात, की आमच्या आजोबा-पणजोबांनी आपल्या खिशातून विटा घेतल्या आणि आपल्या हातांनी बसवल्या. अँड्र्यूज स्ट्रीटवर त्या विटा अजून आहेत. मध्येच उंच, मध्येच खचलेल्या, चौकात त्यांची मांडणी बदलते. लेक त्यांच्यावरून अनवाणी चालली. मी ओरडले नाही.

घरांबद्दल थोडं सांगते, कारण माझा जीव तिथेच अडकला. शॉटगन हाउस म्हणतात त्यांना. अरुंद, एकामागे एक खोल्या, पुढच्या दारातून पाहिलं तर थेट मागच्या दारातून अंगण दिसेल. पुढे पडवी. रस्ता आणि घर यांच्या मधली ती जागा पाहिली आणि मला आमची गॅलरी आठवली. तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी तिथे कोण बसायचं, कुणाचं लग्न तिथे ठरायचं, गणपतीच्या दहा दिवसांत तिथून कुणाला हलता यायचं नाही. त्या पडव्यांवरही हेच चालत असणार, असं मी लेकीला म्हणाले. ती म्हणाली, “असणार नको म्हणू, विचारू या.” म्हणून आम्ही ग्रेगरी शाळेत गेलो. १९२६ ची इमारत, २००९ पासून तिथे ग्रंथालय आहे, या शहरातल्या काळ्या माणसांच्या इतिहासाचं. म्हाताऱ्या रहिवाशांनी सांगितलेल्या आठवणी तिथे ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. कितीतरी घरांतले आवाज. मी कानाला हेडफोन लावून बसले आणि एका बाईंचं बोलणं ऐकताना मला माझी मावशी ऐकू आली. शब्द वेगळे, पण कुणाच्या घरी काय शिजलंय हे वासावरून ओळखण्याचा अभिमान तोच.

मग हे सगळं गेलं कुठे? ते एका दिवसात गेलं नाही. १९४० च्या दशकात वस्तीचा मोठा तुकडा घेऊन तिथे सरकारी घरकुलं उभारली, ती सुरुवातीला फक्त गोऱ्यांसाठी. पुढच्या दशकात महामार्ग आला, आपण ज्याला फोर्टी-फाइव्ह म्हणतो तो, आणि वस्ती डाउनटाउनपासून तोडली गेली. अँटिऑक चर्च एका बाजूला, घरं दुसऱ्या बाजूला. १९८५ मध्ये चाळीस ब्लॉकचा हा भाग राष्ट्रीय वारसा यादीत गेला, तेव्हा पाचशेहून जास्त जुन्या इमारती उभ्या होत्या. यादीत नाव आलं म्हणून मालकाला पाडण्यापासून कुणी अडवू शकत नाही. आता फार थोड्या उरल्या आहेत. बेथेल चर्च २००५ मध्ये जळालं, त्याच्या नुसत्या भिंती ठेवून आत बाग केली आहे. २०१६ मध्ये गटाराच्या कामात त्या विटासुद्धा उखडल्या. तेव्हा तिथली माणसं एकेका विटेसाठी भांडली. २०२१ मध्ये शहराने अखेर या भागाला वारसा क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

एकेका विटेसाठी. आणि मी शोकेसमध्ये एक कडी ठेवली आहे.

मी बरोबरी करत नाही. आमची चाळ गेली तेव्हा माझ्या आईला त्याच जागेवर बाराव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. ती एकटी पडली, पण बेघर झाली नाही. माझ्या पणजोबांना कुणी साखळदंडात गिरगावात आणलं नव्हतं. आणि खरं बोलायचं तर आमच्या चाळीत खोली कुणाला मिळायची आणि आडनाव ऐकून कुणाला नाही म्हटलं जायचं, हे मला लहानपणी दिसत होतं. त्याबद्दल आम्ही गॅलरीत कधीच बोललो नाही.

इथे मला जोतीराव फुले आठवतात. १८७२ साली जॅक येट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्गणी गोळा करून थर्ड वॉर्डात दहा एकर जमीन घेतली. कशासाठी? आपल्या मुक्तीचा दिवस साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून. तेच इमॅन्सिपेशन पार्क. पुढे बरीच वर्षं या शहरात काळ्या माणसांना तेवढी एकच सार्वजनिक बाग खुली होती. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यात ‘गुलामगिरी’ छापून झालं, आणि फुल्यांनी ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, असं त्यांनी लिहिलं. पुण्यात बसून त्यांना इथली माणसं दिसली. मला इथे राहून एकोणीस वर्षं दिसली नाहीत.

आणखी एक गोष्ट. आपल्याला या देशात येता आलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. त्याआधी आपल्यासारख्यांसाठी वर्षाला मूठभर जागा होत्या. तो कायदा आला तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेत. मार खाल्ला, तुरुंगात गेले, कुत्री अंगावर घेतली ती या वस्त्यांतल्या माणसांनी. दार उघडलं, आणि आत आलो आपण. आणि आत येऊन आपण काय म्हणतो? ‘तो एरिया चांगला नाही.’ तेही मराठीत, शेजारच्याला कळू नये म्हणून. मीही म्हटलं आहे, मुलीच्या देखत. मंडळी, मुलांना मराठी येत नाही म्हणून आपण हळहळतो. पण हे मराठी त्यांना नेमकं समजतं.

शुगर लँडमध्ये २०१८ साली शाळेच्या बांधकामात पंचाण्णव माणसांचे अवशेष सापडले. गुलामी कागदावर संपल्यावर कैदी म्हणून उसाच्या मळ्यांवर भाड्याने दिलेली काळी माणसं. आपल्यातल्या किती जणांची मुलं त्याच भागातल्या शाळांत जातात! आपल्या ग्रुपवर तेव्हा त्याबद्दल किती मेसेज आले? मी मागे जाऊन पाहिले. एकच होता, आणि त्यात काळजी होती घरांच्या किमतीची.

मी कुणाला नावं ठेवायला उभी राहिलेली नाही. ज्या माणसांनी या परक्या शहरात तळघराशिवायच्या घरांमध्ये गॅरेजात गणपतीची मूर्ती सांभाळली, मुलांसाठी शाळा चालवली, पहिल्या थंडीत नव्या आलेल्या जोडप्यांना ब्लँकेटं नेऊन दिली, ती सगळी समोर बसली आहेत. वारसा टिकवणं म्हणजे काय हे तुम्हाला शिकवायला नको. म्हणून तर तुमच्याशी बोलते आहे. गॅलरी गेल्याचं दुःख ज्याला कळतं, त्याला पडवी गेल्याचं कळायला किती वेळ लागावा?

एक मागणं आहे. येत्या १९ जूनला आपण इमॅन्सिपेशन पार्कमध्ये जाऊ. बॅनर नको, स्टॉल नको, ढोल तर अजिबात नको. त्यांचा सण आहे, आपण मागे उभं राहून ऐकू. मुलांना पुढे जाऊ देऊ. परत येताना अँड्र्यूज स्ट्रीटवर गाड्या लांब लावून पायी चालू, आणि येट्स यांच्या मुलाच्या घरात आता संग्रहालय आहे ते पाहू. ज्यांना यायचं आहे त्यांनी बाहेर कैरीच्या डाळीच्या टेबलाजवळ नाव लिहा. वही लेकीच्या हातात आहे.

घराचं विचाराल, तर ते आम्ही घेतलेलं नाही. पण नाहीही कळवलेलं नाही. नवऱ्याचं म्हणणं अजून तेच आहे, आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे कडीशिवाय काही नाही. एजंटचा मेसेज गुरुवारपासून फोनवर पडून आहे. काल रात्री लेकीने विचारलं, “आई, जूनमध्ये तिथल्या कुणी विचारलं की तुमचं फोर्थ वॉर्डात काय आहे, तर काय सांगायचं?”

मला अजून सुचलेलं नाही.