सहा घरांचं सरकार

[शाळेची पडवी, वरून. फरशीवर खडूची अक्षरं, मधेमधे चपलांचे जोड.]

चपला आहेत ती काळी घरं. बाकीच्या घरांत एकेक अक्षर.

या पडवीला शहाबादी फरशी बसली, तेव्हा तयार शब्दकोड्याची चौकट बसतेय हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. आठवीला इतिहास शिकवणाऱ्या बाईंच्या ते लक्षात आलं. तेव्हापासून दर शनिवारी, शाळा सुटायच्या आधीचा तासभर, इथे १९३० साल असतं नाहीतर १९४२.

[एक मुलगा 'स्वराज्य' लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो.]

पहिलं भांडण इथेच होतं. स्वराज्याला घरं किती? हा म्हणतो पाच. अर्धा स, व, रा, अर्धा ज, य. शेजारची म्हणते तीन. बाईंचा नियम साधा आहे: तोंडातून एका दमात पडतं ते एक घर. जोडाक्षर असो, काना-मात्रा असो, डोक्यावर अनुस्वार असो, सगळं त्याच घरात. स्व, रा, ज्य. तीन.

दांडीला तर दोनच. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघालेली, जवळजवळ ३८५ किलोमीटर चाललेली, ६ एप्रिलला मीठ उचलणारी अख्खी यात्रा, आणि तिला फरश्या लागतात दोन.

[बाईंची वही. पानांच्या कडेला अक्षरं: क, डा, र, स, ह.]

ही वही नीट बघा. नावांची नाही, सनावळीची नाही, अक्षरांची वही आहे. आपल्या लिपीत कोडं रचणं अवघड जातं ते नेमकं इथे. उभा शब्द आडव्याला छेदणार तर अक्षर काना-मात्रेसकट तेच हवं. दांडीचा 'दां' कुणाला जुळता जुळत नाही, तो कोपऱ्यात एकटाच बसतो. सत्याग्रह मात्र गुणी शब्द. त्याच्या 'स'मधून केसरी आरपार जातो, 'ह'पासून हरताळ खाली उतरतो.

'डा'च्या पानावर तीन शब्द आहेत. शिरोडा, येरवडा, मंडाले.

मंडाले मुलांना आधीपासून माहीत होतं. केसरीतल्या लेखांवरून १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, सहा वर्षांची शिक्षा लागली, ती त्यांनी तिथल्या तुरुंगात काढली. शिरोडा कुणालाच माहीत नव्हतं. कोकणातलं गाव, १९३० च्या मे महिन्यात तिथेही मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच मे महिन्यात गांधीजींना अटक करून येरवड्याला आणलं. बाईंनी शिरोडा आडवा घातला, येरवडा उभा. दोघांचा शेवटचा 'डा' एकच. एका फरशीवर मिठागर आणि तुरुंग. खडू ठेवून बाई बाजूला झाल्या, पुढचं पोरांनी विचारलं.

[मुलं घोळक्यानं बसलीत. पाठकोऱ्या कागदांवर सूत्रं लिहिणं चाललंय.]

उत्तर भरणं हे निम्मं काम. या वर्गात सूत्रंही मुलंच रचतात, आणि तिथे पाठांतर कामाला येत नाही. या मुलीनं 'मीठ' घेतलंय. पहिल्यांदा लिहिलं, 'गांधीजींनी उचललेला पदार्थ'. खोडलं. आता लिहितेय, 'समुद्र फुकट देतो, सरकार कर लावतं. दोन घरं.' मिठाच्या कायद्याचं याहून थोडक्यात वर्णन आम्हाला तरी करता आलं नसतं.

याच्याकडे चिरनेर आहे. उरण तालुक्यातलं गाव, २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह, पोलिसांचा गोळीबार. त्याचं सूत्र अजून जमलेलं नाही. तो खडू चावतोय.

परीक्षेतला 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्नही घरंच भरायला सांगतो म्हणा. पण तिथे एक उत्तर चुकलं तर शेजारचं अडत नाही. इथे अडतं. सोलापूरच्या लष्करी कायद्याचं साल चुकवणाऱ्याला फार तर एक गुण कमी पडतो. 'सोलापूर' शब्दच चुकवणाऱ्याच्या अंगावर मात्र उभे-आडवे शब्दवाले धावून येतात.

[फरशीवर सहा मोकळी घरं. खडूनं लिहिलेलं: 'आडवा, क्र. ४. साताऱ्यातलं आपलं राज्य.']

आता आमच्या चित्रीकरणातला सगळ्यात गोंगाटाचा भाग.

पुस्तकात छापलंय प्रतिसरकार. प्र, ति, स, र, का, र. सहा घरं, बरोबर बसतं. मागून एक आवाज येतो, 'आमची आजी पत्रीसरकार म्हणते.' प, त्री, स, र, का, र. तेही सहा. तेही बरोबर बसतं.

शेवटची चार घरं दोन्ही शब्दांना सारखीच. भांडण उरतं पहिल्या दोघांचं, आणि त्या दोन घरांना छेदणारा उभा शब्दच नाही. बाईंनी मुद्दाम ठेवलेला नाही. ठेवायला 'प्रभातफेरी' हाताशी होती, तिच्या 'प्र'नं निकाल एका क्षणात लागला असता.

निकाल न लागल्यानं अर्धा तास गेला तो असा. प्रति म्हणजे इंग्रजांच्या सरकारासमोर उभं केलेलं दुसरं सरकार. १९४३ ते १९४६, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीचा बराच भाग धरून. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे पुढारी, कुंडल हे मोठं केंद्र. गावोगाव लोकांची न्यायालयं, कमी खर्चातली गांधी लग्नं, दरोडेखोर आणि सावकारी लुबाडणूक यांचा बंदोबस्त. शिक्षा व्हायची ती तळपायावर. तिथून बोलवा उठली, पायाला पत्रे ठोकतात. प्रतीचं पत्री झालं. नाव भीती घालायला वापरलं गेलं आणि गावांनी तेच कौतुकानं तोंडात ठेवलं. आजीही तेच ठेवते.

ती दोन घरं बाईंनी कोरी सोडली.

[एसटीची खिडकी. वडूज. हुतात्मा स्मारक.]

९ सप्टेंबर १९४२. साताऱ्यातल्या वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा आला, हातात तिरंगा. गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह एकूण नऊ जण गेले. त्याच दिवशी, तिकडे नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती. अशी स्मारकं १९८० च्या दशकात राज्यभर उभी राहिली, बरीचशी कुलपात असतात. हे उघडं होतं.

मुलं नावं उतरवून घ्यायला आली आहेत. किती घरांचं नाव, ते बोटांवर मोजत.

[निवेदन नाही. नावांवरून फिरणारी बोटं, हलणारे ओठ. ४० सेकंद.]

परीक्षेत फरक पडला का, हा प्रश्न आम्हीही विचारला. थोडा पडला, असं बाई म्हणतात. शेजारच्या दोन शाळांनी वहीची नक्कल नेली आहे.

[पुन्हा पडवी. संध्याकाळचं ऊन फरशीच्या कडेवर.]

आजच्या कोड्यात शेवटच्या ओळीत एक शब्द ऐन वेळी आला. तुफान सेना, प्रतिसरकारचं स्वयंसेवक दल. पाच घरं. तो पार कडेला जाऊन टेकला, 'ना' अगदी शेवटच्या फरशीवर. लगेच कुणीतरी ओरडलं, 'ना'वरून नाना पाटील खाली सोडा!

खाली फरशीच नाही. पडवी तिथे संपते.

दोन पोरं उठली, अंगणात उतरली, आणि पायरीच्या कोब्यावर घरं आखायला लागली. ना. पा. टी. ल.