पेनड्राइव्ह नको, चालू लिनक्समधूनच नवं लिनक्स टाका

नमस्कार मंडळी! "भावा, यूएसबी पोर्ट गेलाय, चालू मिंटमधूनच डेबियन टाकता येतंय का?" कमेंटमध्ये हाच प्रश्न फिरून फिरून येतोय. येतंय की! मिंट आणि डेबियन ही दोन्ही लिनक्सचीच रूपं. त्यासाठी डीबूटस्ट्रॅप आहे, म्हणजे चालू सिस्टिममधूनच डेबियनचा पाया एका फोल्डरमध्ये उतरवणारं साधन. आज डेबियन 13, म्हणजे ट्रिक्सी, टाकूया. कमांड स्क्रीनवर दिसतील, व्हिडिओ थांबवून उतरवून घ्या.

आधी जागा. ज्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या भागावर, तुमचं मिंट आत्ता चालू आहे, ते चालू असताना लहान करता येत नाही. ईएक्सटी4, म्हणजे लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम, माउंट (जोडलेली) असताना वाढते, पण आकसत नाही. म्हणजे रिकामं पार्टिशन किंवा दुसरी डिस्क लागणारच. डेस्कटॉपसकट 20 जीबी पुरतात.

पुढचं पटापट. पार्टिशन ईएक्सटी4 मध्ये फॉरमॅट करा, स्लॅश एमएनटीवर माउंट करा, डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग (डेबियनची पॅकेजं खरी आहेत का हे तपासायच्या चाव्या) टाका आणि डीबूटस्ट्रॅप चालवा. झालं की डेव्ह, प्रोक, सिस हे तीन फोल्डर बाइंड माउंट करून, म्हणजे चालू सिस्टिमचे तेच फोल्डर नव्या जागीही जोडून, सीएचरूट या कमांडनं नव्या सिस्टिमच्या आत शिरा. आत कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, टाका, पॅकेजचं नाव लिनक्स-इमेज-एएमडी64. डीबूटस्ट्रॅप कर्नल देत नाही. मग रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन युजरचा, पासवर्ड, नेटसाठी नेटवर्क-मॅनेजर, आणि टास्कसेल या निवड-मेनूमधून डेस्कटॉप.

आता एफएसटॅब, म्हणजे बूट होताना कोणतं पार्टिशन कुठं जोडायचं हे सांगणारी फाइल. इथं जरा दमानं घ्या, कारण "सगळं केलं, तरी बिघडलं" म्हणणारे बहुतेक इथंच घसरलेत.

डीबूटस्ट्रॅप ही फाइल तुमच्यासाठी भरत नाही. तशीच सोडली तरी मशीन बूट होतं, म्हणून गंमत वाटते. पण रूट पार्टिशन, म्हणजे सिस्टिम जिथं आहे ते, फक्त वाचण्यापुरतं माउंट झालेलं असतं. काहीही साठवायला गेलात की "रीड-ओन्ली फाइल सिस्टिम". लोकांना वाटतं डिस्क गेली. डिस्क ठणठणीत आहे हो, एफएसटॅबमध्ये एक ओळ कमी आहे! बीएलकेआयडी कमांडनं नव्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा खास ओळख नंबर, काढा आणि रूट पार्टिशनची ओळ हातानं लिहा.

"मग जुन्या मिंटचीच फाइल कॉपी केली तर?" नको. त्यात होमची, म्हणजे युजरच्या फाइली असतात त्या फोल्डरची, वेगळी ओळ असेल, तर डेबियनही तेच जुनं होम उघडणार. दोन्हीकडं युजरचं नाव एकच ठेवलंत, तर दोन डेस्कटॉप एकमेकांच्या सेटिंग फाइली विस्कटत बसतात.

आणि यूयूआयडीच का, एसडीए2 असं पार्टिशनचं नाव लिहिलं तर काय बिघडलं? रंकाळ्यावर संध्याकाळी कोणतं बाकडं कुणाला मिळेल, हे आधी कोण आलं त्यावर ठरतं. एसडीए, एसडीबी ही नावंही तशीच: कर्नलला जी डिस्क आधी सापडली ती एसडीए. दुसरी डिस्क जोडली की क्रम बदलू शकतो. यूयूआयडी फाइल सिस्टिमवरच लिहिलेला असतो. पण पार्टिशन परत फॉरमॅट केलं की तोही नवा होतो. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, दोन्ही सिस्टिमला एकच ठेवून ते पुन्हा फॉरमॅट केलंत, तर जुनं मिंट जुनाच नंबर शोधत बूट होताना दीड मिनिट थांबतं. काढता-घालता येणाऱ्या डिस्कच्या ओळीत नोफेल (नसली तरी पुढं चल) लिहा, नाहीतर ती नसली की थेट इमर्जन्सी मोड, म्हणजे दुरुस्तीपुरती काळी स्क्रीन. तिथं रूटचा पासवर्ड मागतो, म्हणून मघाशी तो ठेवायला सांगितला.

सीएचरूटमधून बाहेर पडण्याआधी वायफायचं फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवायला लागणारी फाइल, टाका. इंटेल कार्ड असेल तर फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय. ते नॉन-फ्री-फर्मवेअर विभागात असतं, आणि डीबूटस्ट्रॅप फक्त मेन विभाग देतो, म्हणून सोर्सेस फाइलमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची ते यात असतं) तो विभाग आधी जोडा. यूएसबी पोर्ट गेलेल्यांनी तर हे विसरूच नका, मोबाइल केबलनं जोडून नेट घ्यायची सोयही तुमच्याकडं नाही!

आता बाहेर या, यूमाउंटला मोठा आर लावून सगळं उतरवा. प्रयोग फसला म्हणून एमएनटी पुसायचं असेल, तरी आधी उतरवाच. बाइंड माउंट तसाच ठेवून आरएम ही पुसायची कमांड चालवलीत, तर चालू मिंटचा डेव्ह फोल्डर साफ होतो.

नवा ग्रब, म्हणजे चालू होताना सिस्टिम निवडायचा मेनू, टाकायची गरज नाही. मिंटमध्येच ओएस-प्रोबर, म्हणजे डिस्कवरच्या दुसऱ्या सिस्टिम शोधणारं साधन, आहे का बघा. ग्रब 2.06 पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणं मुळात बंद असतं, म्हणून ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये जीआरयूबी-डिसेबल-ओएस-प्रोबर फॉल्स करा. मग अपडेट-ग्रब ही कमांड चालवा. स्क्रीनवर डेबियनची ओळ छापून आली, तरच रीस्टार्ट करा.